परळचा पूल आणि पायी चालणारी वस्ती

परळ स्थानकाची घडण समजून घ्यावयाची असेल, तर ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या सान्निध्यात राहूनही नित्याच्या कामासाठी त्याची पायरी क्वचितच चढली, त्यांच्यापासून प्रारंभ करावा लागतो. माझे वडील त्यांपैकीच एक. जी.आय.पी. कंपनीने १८७९ साली परळला जो कारखाना थाटला, त्याच ‘वर्कशॉपा’त ते फिटर होते, आमचे बिऱ्हाड लालबागेतील एका चाळीत, आणि इंजिनांच्या सांध्यांशी आयुष्यभर झगडणारा हा मनुष्य डबा हातात घेऊन रोज कामावर पायीच जात असे. सुटीत कोकणात जावयाचे झाले, तर तेथेही रेल्वेचा पास निरुपयोगी, कारण तळकोकणापर्यंत रूळ पोहोचावयास १९९८ साल उजाडावे लागले आणि तोवर वडील निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. माझे दोघे चुलते गिरणीत होते, एक साच्यावर आणि एक बदलीवर. तेही पायीच जात. भोंगा झाला की चाळीचे जिने खडखडत, रस्ता माणसांनी भरून जाई आणि पाऊण तासात पुन्हा रिता होई. एवढी प्रचंड वर्दळ रोज तीन पाळ्यांत होत असताना स्थानकावर तिचा भार फारसा पडत नसे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी याच हद्दीतून गेली, त्या वेळी परळ हे गव्हर्नरसाहेबांच्या निवासस्थानाचे गाव होते. पुढे साहेब मलबार टेकडीकडे गेले, १८९९ साली त्या वाड्यात प्लेगची प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. मागोमाग गिरण्यांची धुराडी वाढली आणि धुराड्यांच्या सावलीत चाळी वाढल्या. जेथे काम तेथेच बिऱ्हाड, हा त्या वस्तीचा अलिखित कायदा होता. त्यामुळे मध्य रेल्वेचे परळ आणि अगदी त्याच्या कुशीला चिकटून असलेले पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड, ही दोन्ही स्थानके बेताचीच राहिली. अरुंद फलाट, अरुंद जिने, दोन्ही स्थानकांना जोडणारा एक पूल. त्या वस्तीला तेवढे पुरत होते, हे मान्य केले पाहिजे.

मी स्वतः फोर्टातील एका कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा सकाळी परळच्या फलाटावर उभे राहण्यास ऐसपैस जागा मिळत असे. गाडी आधीच भरून आलेली असे हे खरे, पण फलाटावरची माणसे ओळखीची असत: केईएमकडे जाणाऱ्या परिचारिका, वाडिया रुग्णालयाचा पत्ता विचारणारी पोर कडेवर घेतलेली बाई, टाटा रुग्णालयासाठी गावाहून आलेला, क्ष-किरणांचे मोठे पाकीट छातीशी धरलेला कोणी वृद्ध. या मंडळींना पुलाचा पश्चिमेकडचा जिना टाळून पूर्वेकडे कसे उतरावे, हे सांगणे आम्हा स्थानिकांचे जणू नित्यकर्मच होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो रीतसर मिटल्याचे कोणी जाहीर केल्याचे माझ्या स्मरणात नाही. भोंगे एकामागून एक मुके झाले. धाकटे चुलते आधी वाट पाहत राहिले, मग गावी गेले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला, २००१ साली त्या नियमांत बदल झाला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने विक्रीचा मार्ग मोकळा केला. आणि ज्युपिटर व एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागी काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत काम करणारी माणसे डोंबिवली, कल्याण, विरार, भाईंदर येथून येत. सहस्रावधी हातांना पायी पोहोचता येईल असे काम जेथे होते, तेथे आता तेवढीच किंवा त्याहून अधिक माणसे रेल्वेने येऊ लागली. सकाळी परळला चढणाऱ्यांची रांग ओसरली आणि उतरणाऱ्यांचा लोंढा सुरू झाला. जमिनीच्या वापराची दरखास्त मंजूर करताना मजले, चटईक्षेत्र, वाहनतळ यांचा हिशेब झाला. त्या मजल्यांवरची माणसे सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान कोणत्या जिन्याने वर येणार, हा हिशेब त्याच वेळी आणि त्याच टेबलावर व्हावयास हवा होता, असे मला तेव्हाही वाटे व आजही वाटते.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. खंडेनवमीचा दिवस. वडील हयात असताना या दिवशी कारखान्यातल्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जात, म्हणून मीही सकाळी झेंडू आणून त्यांच्या जुन्या पान्यांची पूजा मांडीत होतो. साडेदहाच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. छत्री नसलेली माणसे पुलावर आणि जिन्यात थांबली, खाली गाड्या येतच राहिल्या, मागून येणाऱ्यांना पुढे काय चालले आहे ते दिसेना. आणि पश्चिमेकडे उतरणाऱ्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली. आमच्या खिडकीतून केईएमकडे धावणाऱ्या रुग्णवाहिकांचे आवाज दुपारपर्यंत येत होते. मृत्यूचे कारण पाऊस होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पाऊस मुंबईत दरवर्षी पडतो.

त्यानंतर मात्र कामाला वेग आला. लष्कराच्या जवानांनी नवा पादचारी पूल उभारला आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात, १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे नाव जाऊन स्थानकास प्रभादेवी हे नाव मिळाले. ३ मार्च २०१९ रोजी परळ टर्मिनस सुरू झाले, आणि येथूनच सुटणाऱ्या लोकलच्या रोज १६ फेऱ्या, तितक्याच येथवर येणाऱ्या, असे वेळापत्रक लागले. पहिल्याच आठवड्यात मी ठाण्यास जाण्याचे निमित्त काढले. रिकामा डबा, वारे लागणारी खिडकीची जागा, आणि शेजारच्या बाकावर दिवसभराच्या कामाने थकलेली एक तरुण मुलगी, बसताक्षणी डोळे मिटून घेतलेली. तिला उभ्याने कल्याण गाठावे लागले नाही, याचा जो आनंद मला झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. मे २०२५ मध्ये अमृत भारत योजनेखाली नूतनीकरण झालेल्या स्थानकांत परळचे नाव आले; जवळच्या चिंचपोकळीचेही आले. रंगरंगोटी, फरशा, फलक, सारे नीटनेटके झाले. त्याचे मोल मी कमी लेखीत नाही, कारण स्वच्छ जागेत माणूस अधिक सुसंस्कृतपणे वागतो, हे मी चाळीतही पाहिले आहे.

१२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांचा जुना एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला. शिवडी–वरळी मार्गासाठी तेथे दुमजली पूल होणार आहे: खालचा मजला परळ आणि प्रभादेवी यांना जोडील, वरचा अटल सेतूकडून येणाऱ्या गाड्या वरळीकडे नेईल. तोवर पूर्व-पश्चिम जा-ये करणाऱ्या पादचाऱ्यांचा भार रेल्वेच्या पुलांवर आहे. परवा मी एका शेजाऱ्याच्या पत्नीला टाटा रुग्णालयातून पश्चिमेकडच्या नातेवाइकांकडे पोहोचवीत होतो. दर पाच पायऱ्यांवर त्या कठडा धरून थांबत, आणि मागचा माणूस बिचारा घाई असूनही थांबे. मागच्याच्या मागचाही थांबे. नव्या पुलाच्या आराखड्यात खालच्या मजल्यावर पदपथाची रुंदी किती ठेवली आहे, आणि तो पदपथ स्थानकाच्या जिन्यांना कोठे मिळतो, एवढी माहिती स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावावी, असा लेखी अर्ज मी संबंधित कचेरीत दिला आहे.