थोरल्या काकांचा खुराक

आमच्या घरात दुधाचे दोन तांबे होते. पितळेचा मोठा तो थोरल्या काकांचा. स्टीलचा लहान तो उरलेल्या अकरा जणांच्या चहाचा.

कोल्हापुरात गंगावेशीच्या आसपास वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. घरात एक पैलवान असला की घराचं घड्याळ त्याच्या अंगावर चालायचं. काका पहाटे चारला तालमीत जात. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली तांबडी माती त्यांच्या कानामागं चिकटून घरी यायची. संध्याकाळी आम्ही पोरं त्यांच्या मागं दुधाच्या कट्ट्यावर. म्हशी बांधलेल्या, धार समोरच पेल्यात. काका एका दमात पेला रिकामा करत आणि तळाचा फेस आम्हाला बोटानं चाटायला देत. आमचा खुराक तेवढाच.

थंडाई मात्र घरी व्हायची. रात्री आज्जी पन्नास बदाम मोजून भिजत घालायची आणि सकाळी आत्ती ते सोलायची. अंगठ्यानं दाबलं की बदाम सालीतून सुळकन उडायचा, कधी थेट चुलीपर्यंत. तो शोधून, धुऊन परत वाटीत टाकावा लागे, कारण आज्जी पुन्हा मोजायची. मग पाट्यावर खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा. गंध बोटाला लागला पाहिजे, कण लागता कामा नये, अशी काकांची अट. वाटून झालं की पाटासुद्धा दुधानं धुऊन घ्यायचा आणि ते दूधही तांब्यात.

काका जेवताना खाशाबा जाधवांची गोष्ट हमखास काढत. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं आणि १९५२ साली गोळेश्वरच्या या गड्यानं कांस्यपदक आणलं. ऐकताना आमच्या अंगावर काटा यायचा. वर्गणी आमच्याही घरात रोज निघत होती, ती ताटातून निघत होती म्हणून दिसली नाही.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या दिवाळीत ओट्यावर दिसलेला एक काळा डबा. पुण्यात नोकरी करणारी पुतणी वर्षभर जिमला जाते, वजनं उचलते. तिचा तो व्हे प्रोटीनचा डबा. आम्ही सगळी चुलत भावंडं पन्नाशीच्या पुढची, त्यामुळं तोंडाला लगाम नव्हता. ‘पावडरीनं कुठं अंग होतंय?’, ‘काकांनी कधी डबा बघितला होता का?’ मीही बोललो.

पोरगी हसली आणि हिशोब मांडून बसली. तिच्या एका मापात २४ ग्रॅम प्रथिनं. तेवढी म्हशीच्या दुधातून घ्यायची तर साडेसहाशे मिलीच्या आसपास दूध लागतं आणि त्याबरोबर चाळीसेक ग्रॅम स्निग्धांशही पोटात जातो. चार अंड्यांत तेवढं भागतं. पन्नास बदाम म्हणजे जेमतेम बारा-तेरा ग्रॅम. काका दिवसाला हजार बैठका मारत होते, त्यांना ते तूपलोणी जिरत होतं. ‘मी नऊ तास खुर्चीवर असते काका,’ ती म्हणाली. यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. कुस्ती सुटल्यावर काकांचा तांबा सुटला नाही आणि चाळिशीत त्यांचं पोट कसं पुढं आलं, हे आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं.

गंमत म्हणजे हे व्हे आमच्या घरातलंच निघालं. व्हे म्हणजे निवळी. पाडव्याला श्रीखंडासाठी चक्का टांगला की फडक्यातून टपटप गळणारं हिरवट पाणी आज्जी कणकेत घालायची, उरलं तर कढीपत्त्याच्या बुडात. चक्क्याच्या पाण्यात प्रथिनं फार थोडी उतरतात हे खरं. पण चीज करताना निघणारी निवळी गाळून, तिच्यातलं पाणी आणि साखर काढून, वाळवली की झाली पावडर. दुधातल्या प्रथिनांचा पाचवा हिस्सा असतो तो, आणि लवकर पचतो. विष नाही, जादूही नाही.

तरी माझं एक मत कायम आहे. जेवण सोडून डब्यावर जगणारी पोरं मला पटत नाहीत. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, आणि सोबत चोथा, लोह, चव हे सगळं येतं. पुतणीलाही ते मान्य आहे. सकाळी मोड आलेले मूग, रात्री भाकरी-आमटी, आणि व्यायामानंतर घाईत असली तर डबा.

तेवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आत्ती बोलली. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरते. ‘आत्ती, तू किती बदाम खाल्लेस गं?’ पुतणीनं सहज विचारलं होतं.

‘आम्हाला कुठलं बदाम, बाई. वास यायचा हाताला, दुपारपतोर.’

आज्जी, आई, आत्ती यांच्या वाट्याला हुलग्याचं माडगं, शिळी भाकरी आणि खरडा असायचा. दूध शेवटी उरलं तर, आणि उरायचं नाही. आम्ही ज्याला घरचा सकस आहार म्हणून मिरवत होतो तो एका माणसाचा आहार होता. त्या घरात खुराक मिळालेली पहिली पोरगी ही.

पुतणीनं त्या दिवशी पेलाभर दुधात अर्धं माप ढवळून आत्तीपुढं धरलं. आत्तीनं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ‘वेलदोडा टाक की जरा.’

वेलदोडा टाकला. ती पेला संपवते आता, रोज.