प्रवेशाचे दिवस

बारावीचा निकाल लागतो तेव्हा आमच्या भागात दोन हंगाम एकदमच चालू असतात. जंगलात तेंदूपत्त्याची तोड सुरू असते आणि गावोगावच्या रस्त्यांवर प्राध्यापक दिसू लागतात. २०२५ साली निकाल ५ मे रोजी लागला. त्यानंतर महिनाभर आम्ही उभयता सकाळी सातपासून ऊन चढेपर्यंत दुचाकीवरून मूल-सिंदेवाहीकडची खेडी पालथी घालत होतो. सोबत एक रजिस्टर, माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून मिळवलेली उत्तीर्ण मुलांची यादी. या भ्रमंतीला कागदोपत्री 'संपर्क अभियान' असे नाव आहे. स्टाफरूममध्ये तिला 'पोरं शोधणे' म्हणतात, आणि ते अधिक खरे आहे.

आपल्यापैकी जे ग्रामीण महाविद्यालयांत शिकवतात त्यांना यामागचे कारण सांगण्याची गरज नाही. मुले आली तर तुकडी, तुकडी असेल तर कार्यभार, कार्यभार असेल तर पद. मराठी साहित्य हा विषय घेणाऱ्यांची संख्या तर दर जूनमध्ये बोटांवर मोजावी लागते. आम्ही दोघेही मराठीच शिकवतो. आमच्यापैकी एकाची नेमणूक पूर्ण वेळ आहे, दुसऱ्याची तासिका तत्त्वावर. तेव्हा रजिस्टरमध्ये एक नाव वाढणे म्हणजे आमच्या घरात काय असते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

अशाच एका सकाळी आम्ही एका गोंड शेतकऱ्याच्या अंगणातील बाजेवर बसलो होतो. धानाच्या थोड्या बांध्या, दोन बैल, तेंदूपत्त्याची मजुरी, मार्च-एप्रिलात मोहफुले. मुलगा कला शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. गडव्यातले पाणी पिऊन आम्ही आमचे नेहमीचे निवेदन सुरू केले. महाविद्यालय जवळ आहे, एसटीचा पास निघतो, शिष्यवृत्ती मिळते, खोलीभाडे नाही, मुलगा डोळ्यांसमोर राहील, रोवण्याच्या दिवसांत हाताशी येईल. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. गृहस्थाने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या पोरीनंबी औंदा बारावी केली म्हन्ते. तुमी तिले कुठी टाकता जी?"

आम्ही म्हणालो, "अजून ठरलं नाही."

तेही खोटे नव्हते. परंतु घरी, जेवणाच्या टेबलावर, एका मोठ्या कागदावर आम्ही रकाने आखून ठेवले होते. महाविद्यालयाचे नाव, विषय, वसतिगृह, शुल्क, अंतिम तारीख. पुण्याची दोन नावे, नागपूरची दोन, अगदी तळाशी रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाचे नाव. आम्ही ज्या विद्यापीठात शिकवतो त्यातील एकही महाविद्यालय त्या कागदावर नव्हते. ते आम्ही ठरवून वगळले नव्हते. ते आम्हाला सुचलेच नव्हते, आणि हे जास्त वाईट.

आमच्या वेळी यादी नव्हती. आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय एसटीने ठरवले. गावावरून जाणारी सकाळची गाडी ज्या फाटकासमोर थांबे, तेथे नाव घातले गेले. दुसऱ्याच्या वडिलांनी, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, एके दिवशी नागपूरचे भाडे हातावर ठेवले आणि तेथल्या एका ओळखीच्या माणसाचे नाव सांगितले. एवढेच मार्गदर्शन. पुढे दोघांनीही एम. ए. नागपूर विद्यापीठातून केले, कारण तेव्हा तेच एक विद्यापीठ होते. गडचिरोली हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. या दोन जिल्ह्यांचे मिळून गोंडवाना विद्यापीठ झाले ते २०११ साली. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २०१५ उजाडले आणि गडचिरोलीला २०२४. म्हणजे 'कोठे अर्ज करावा' हा प्रश्न मुळात निर्माण होण्यासाठी जी निवड लागते, ती येथे अलीकडेच आली आहे.

आणि आली तीही आडवळणाने. सिरोंच्याच्या मुलाला गोदावरीपलीकडचे तेलंगण नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. त्यातून अनेकांची घरची भाषा तेलुगू, तेव्हा त्याचा ओढा तिकडे असेल तर नवल नाही. भामरागडचे पालक तर प्रवेशाच्या वेळापत्रकावर नव्हे, पर्लकोटेच्या पाण्यावर डोळा ठेवून असतात. अनेक पावसाळ्यांत या नदीने पूल बुडवून तालुक्याचा संपर्क तोडला आहे, आणि प्रवेशफेऱ्यांच्या तारखाही नेमक्या जुलै-ऑगस्टातच पडतात. धानपट्ट्यात पूर नसेल तर रोवणा असतो. पऱ्हे तयार आहेत, चिखलणी झाली आहे, अशा दिवशी बाप जात वैधता प्रमाणपत्राच्या पावतीसाठी तालुक्याला जाणार कसा? वेळापत्रक आखणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी बांधीत उभे राहावे असे आम्हाला नेहमी वाटते. असो.

२०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले आणि अर्जावर 'मेजर', 'मायनर' असे रकाने आले. कोळशाच्या खाणीत उभे आयुष्य गेलेल्या एका पालकांनी 'मायनर' हा शब्द ऐकताच हात जोडले. "ते सोडून दुसरं काहीबी द्या सर, खान नको." आम्ही हसलो, तेही हसले, पण त्यांनी हात लवकर सोडले नाहीत.

आपण पदवीधर, म्हणून आपली चूक होणार नाही, असा भ्रम आम्हालाही होता. दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या परीक्षेतून होतात. तो अर्ज मार्चमध्येच भरायचा होता. घरात दोन प्राध्यापक असून आम्हाला हे जूनमध्ये कळले. विदर्भातून काम करणारी 'एकलव्य'सारखी संस्था खेड्यातील मुलांना नामांकित संस्थांच्या परीक्षा आणि अर्ज यांची माहिती देते. तिच्या एखाद्या शिबिरात मुलीला पाठवावे असे आम्हाला सुचले नाही, कारण ते 'त्या' मुलांसाठी असते अशी आमची समजूत. आमची मुलगी त्या मुलांपेक्षा फार पुढे नव्हती. तिच्याकडे फक्त पुस्तकांची कपाटे जास्त होती.

त्या दिवसांत 'कोसला' पुन्हा काढली. १९६३ ची ही कादंबरी आम्ही पंधराहून अधिक वर्षे शिकवत आलो आहोत. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो आणि पदवीशिवाय गावी परततो. वर्गात ती आम्ही सदैव पांडुरंगाच्या बाजूने वाचली. परात्मता, निवेदनाची भाषा, महानगरी शिष्टतेची खिल्ली. या खेपेस प्रथमच वडिलांच्या बाजूने वाचली गेली. पैसे पाठवणारा, मुलाचे तिथे नेमके काय चालले आहे ते न कळणारा आणि न कळल्यामुळे अधिकच करडा होणारा बाप. त्याच्यावर आम्ही इतक्या वर्षांत एकही प्रश्न काढला नव्हता. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला (१९८७) बाप मुलाला शाळेतून ओढून शेतात आणतो, तेव्हा विद्यार्थी त्याच्यावर चिडतात आणि आम्हीही त्यांना चिडू देतो. परंतु सिंदेवाहीकडच्या त्या अंगणातला बाप या दोघांपैकी कोणीच नव्हता. तो मुलाला अडवत नव्हता आणि पाठवतही नव्हता. तो विचारत होता, आणि ज्यांना विचारत होता त्यांचे हितसंबंध रजिस्टरात नोंदलेले होते.

मुलीचे म्हणाल तर तिने विज्ञान शाखेतून बारावी केली होती आणि नीटच्या वाटेला जाणार नाही हे अकरावीतच सांगून टाकले होते. तेव्हा नातेवाइकांनी आमची कीव केली. निकालानंतर तिने मराठी घेऊन बी. ए. करणार असे सांगितले. हे ऐकून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. गावोगावी फिरून इतरांच्या मुलांना आम्ही तेच तर सांगत होतो! भाषा घ्या, साहित्य घ्या, मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आहे, वगैरे. प्रत्यक्षात आमच्यापैकी एकाने विचारले, "आणि पुढे?" दुसऱ्याने भाताचे भांडे उगाच सरकवले. तासिका तत्त्वावरच्या नोकरीत वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडून 'आणि पुढे' निघणे स्वाभाविक आहे. पण हा प्रश्न आम्ही त्या बाजेवर बसून एकदाही उच्चारला नव्हता.

कन्या म्हणाली, "मराठीच घ्यायचं तर मग तुमच्याच कॉलेजात येते. पासही निघतो."

ती थट्टा करत होती की नाही हे आम्हाला आजही ठाऊक नाही. आम्ही दोघेही गप्प राहिलो, आणि तिने ती शांतता बरोबर वाचली. "बाबा, आई, ते चांगलं नाही का?" तिने विचारले. आम्ही चांगले आहे म्हणालो. मग कारणे देऊ लागलो. तिथे वर्गात मुले थोडी, ग्रंथालयात नवी पुस्तके येत नाहीत, निरनिराळ्या ठिकाणची माणसे भेटली पाहिजेत, आईवडिलांच्या वर्गात बसणे बरे नव्हे. यातले शेवटचे सोडले तर प्रत्येक कारण त्या शेतकऱ्याच्या मुलालाही लागू होते.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, रजिस्टर न घेता. नागपूरला आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, तेथे जागा न मिळाल्यास २०१६ पासून 'स्वयं' योजनेतून जेवणाखोलीचा खर्च मुलाच्या खात्यात जमा होतो, वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करावा लागेल, हे सारे कागदावर लिहून नेले होते. पैसे वेळेवर येतातच असे नाही, पहिले काही महिने पदरचे घालावे लागतील, हेही सांगितले. बापाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "आमचा पोरगा नागपूरले गेला तं तुमच्या कालेजात कोन रायते जी?"

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून सारे ठाऊक होते! आमच्या उन्हातल्या फेऱ्यांचे कारण, रजिस्टर, सारे. तरीही त्याने आम्हाला पाणी दिले होते आणि सल्ला विचारला होता.

मुलगा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने आमच्याशी पहिल्यांदाच बोलण्यासाठी तोंड उघडले. तो झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. गेल्या हंगामात एका मंडळाकडून त्याला लहान भूमिका मिळाली होती, यंदा मोठी मिळण्याची आशा होती. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र चालणारी ही नाटके. वडसा हे त्यांचे मुख्य ठाणे, आणि तेथल्या मंडळांचे बोलावणे कधी येईल याचा नेम नसतो. नागपुरात राहून ते जमायचे नाही. शेती, खर्च, बापाची काळजी यांपैकी काहीही त्याच्या मनात नव्हते. आम्ही निवेदनात सांगितलेल्या सोयींपैकी एकीचाही त्याने विचार केलेला दिसला नाही. त्याला आमच्या महाविद्यालयात यायचे होते, कारण तेथून रात्रीच्या प्रयोगाला पोहोचता येते.

वर्षानुवर्षे झाडीबोलीवर आणि झाडीपट्टी रंगभूमीवर चर्चासत्रे भरवणाऱ्या आम्हा दोघांना, दारात उभ्या असलेल्या मुलाला काय येते हे विचारावेसे वाटले नव्हते. यादीत त्याच्या नावापुढे गुण होते आणि भ्रमणध्वनी क्रमांक होता. आम्ही त्याला विचारले, तरी वैधतेचा अर्ज करून ठेवशील का? तो करतो म्हणाला, आणि त्याने खरोखरच केला. बापाने निरोप देताना पुन्हा पोरीचे विचारले. या वेळी आम्ही नागपूर म्हणालो.

ते तोवर ठरले होते. कागदावरची पुण्याची नावे मुलीने स्वतःच खोडली होती. नागपूर रात्रीतून परत येण्याइतके जवळ आणि आम्ही सहज टपकणार नाही इतके दूर, असे तिचे गणित. रिद्धपूरचे नाव तिने तळातून उचलून दुसऱ्या क्रमांकावर लिहिले आणि विचारले की, जेथे लीळाचरित्र घडले त्या गावाचे नाव तुम्ही शेवटी का लिहिलेत? आम्हाला उत्तर देता आले नाही. एम. ए.साठी तिकडे जाईन असे ती आता म्हणते. तिच्या बोलण्यावर आमचा तूर्त विश्वास आहे.

ऑगस्टमध्ये साहित्याच्या वर्गात एकोणीस नावे झाली. कार्यभार टिकला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाने तालमीसाठी आठ दिवसांच्या सुट्टीचा अर्ज आणून दिला. अर्जावर कारण लिहिले होते, 'नाटक'. उपस्थितीच्या नियमात ते बसत नाही. आम्ही सही केली आणि प्रयोग कोणत्या गावी आहे ते विचारून घेतले, कारण मुलगी त्या शनिवारी नागपूरहून येणार होती आणि तिलाही तो पाहायचा होता.