माझं माझं अप्रेझल

"पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" हा प्रश्न एच.आर.वाल्याला सहसा कोणी विचारत नाही. तो आम्हीच विचारायचा असतो. २००१ साली एम.पी.एम. करून भोसरीत चिकटले तेव्हापासून इतक्या जणांना विचारलाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच उत्तर कळतं. सुपरवायझर व्हायचंय, मॅनेजर व्हायचंय, काहीतरी 'चॅलेंजिंग' करायचंय. एकाच पोराने वेगळं सांगितलं होतं. आयटीआयची सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेला, बीडकडचा. म्हणाला, "मॅडम, तोवर बहिणीचं लग्न झालेलं असंल आन् रानात बोअर पाडलेला असंल." मी त्याला घेतला. (अजून आहे आमच्याकडे. बहिणीचं लग्न झालं. बोअर दोनदा पाडला, दोन्हीदा कोरडा गेला.)

त्याच्याकडे निदान त्याचं स्वतःचं उत्तर होतं. आमच्या धंद्यात ते शोधायची गरजच पडत नाही, कारण जिना आयता तयार असतो. ऑफिसर, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर, ए.जी.एम., जी.एम., व्ही.पी. आणि अगदी वर सी.एच.आर.ओ. गंमत म्हणजे हा जिना बांधणारे गवंडीही आम्हीच. कुठल्या ग्रेडला गाडी आणि कुठल्या ग्रेडला नुसता पेट्रोल भत्ता, हे आम्ही ठरवतो. शंभर माणसांत 'उत्कृष्ट' इतकेच, बाकीच्यांनी मधल्या पायरीवर दाटीवाटीने बसायचं, हा बेल कर्व्हचा न्यायही आम्हीच गोड आवाजात समजावतो. आणि मग स्वतःच्या अप्रेझलच्या दिवशी त्याच कर्व्हने आमचीही झोप उडते.

पहिल्या नोकरीतले आमचे साहेब या जिन्याच्या वाटेला कधी गेले नाहीत. कार्डावर शेवटपर्यंत 'पर्सोनेल मॅनेजर'. तेव्हा १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा (आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या चार संहिता झाल्यात, त्यामुळे आम्हा सगळ्यांची पुन्हा शाळा सुरू आहे). साहेब त्या वेल्फेअरमधून वर आलेले. पगारवाढीचा करार एकदा चौदा महिने रखडला, तेव्हा गेटवर त्यांच्या नावाने रोज घोषणा व्हायच्या, आणि त्यातल्या काही मला घरी सांगता येण्यासारख्या नव्हत्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला जिलबी कोण वाढत होतं, तर युनियनचा अध्यक्ष! आग्रह कर करून. माझ्या शेजारी बसलेल्या फायनान्सवाल्याने हळूच विचारलं, "हे मॅनेज कसं करतात गं?" मॅनेज!! असो.

२०१६ मध्ये मी चाकणच्या सध्याच्या कंपनीत आले, तेव्हा टेबलावर एक फाइल वाट बघत होती. प्रेस शॉपमधला एक मुलगा, वय ३४, नाशिक रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेलेला. जाऊन पाच महिने झाले होते आणि घरी एक पैसा पोचला नव्हता. पैसे नव्हते असं नाही. पीएफ होता, पीएफला जोडलेला विमा होता, विधवेची आणि दोन मुलांची पेन्शन होती, ग्रॅच्युइटीही होती, कारण मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट लागत नाही. सगळं होतं. फक्त कागद नव्हते. नोकरीला लागताना त्याने नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहिलेलं. नंतर लग्न झालं. आता पीएफच्या नियमात असं आहे की लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द ठरतं, नवं करून द्यावं लागतं. हे कोणी कोणाला सांगत नाही. लग्नाची रजा मंजूर करताना तरी कुठे सांगतो आपण? पेढे खातो आणि सही करतो.

त्यात बायकोच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि बँकेत तिसरंच काहीतरी. सासू-सून दोघी ऑफिसात यायच्या, एकमेकींशी न बोलता दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसायच्या. दोघींनाही वाटायचं की दुसरीने काहीतरी डाव केलाय. तो डाव नव्हता हो, एक न भरलेला फॉर्म होता. पैसे मिळेपर्यंत आणखी तीन महिने गेले. तोवर धाकट्याची शाळा बदलली होती.

त्यानंतर मी एका वहीत माझं स्वतःचं माप लिहून ठेवलं. माणूस गेल्यापासून घरात पहिला पैसा पोचेपर्यंत किती दिवस? बस्स. हे माप आमच्या कुठल्या डॅशबोर्डवर नाही. तिथे अ‍ॅट्रिशन असतं, एका भरतीचा खर्च असतो, ट्रेनिंगचे तास असतात, आणि ते चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही, कंपनी चालायची तर ते लागतंच. पण हे माझं. बुधवारी आणि शुक्रवारी (गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी) चहाच्या वेळी कँटीनच्या दाराशी टेबल टाकायचं, लॅपटॉप घेऊन बसायचं आणि एकेकाचं ई-नॉमिनेशन करून घ्यायचं. वाटतं तितकं सोपं नाही बरं का. बायकोचा फोटो लागतो, तिचा आधार लागतो, नाव जुळावं लागतं. एक बाप्या तर चारचौघांत बायकोचं नाव उच्चारायलाच तयार होईना, शेवटी कागदावर लिहून दिलं. आणि "मॅडम, मी मरायची एवढी घाई काय तुम्हाला?" हे तर आठवड्यातून एकदा ऐकायचंच.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमची चार माणसं गेली. चारही घरांत पैसे पोचले. सगळ्यात उशीर झाला तिथे सव्वीस दिवस लागले. त्याच वर्षी विम्याची कमाल रक्कम ६ लाखांवरून ७ लाख झालेली होती. त्या महिन्यांत मी रात्री घरी आल्यावर काय करायचे ते इथे लिहीत नाही, पण वहीतले ते आकडे बघितले की झोप लागायची, एवढं खरं.

आणि मग २०२२ मध्ये मुंबईहून फोन आला. हेड ऑफिसला व्ही.पी., सगळ्या प्लांट्सची जबाबदारी, पगार जवळजवळ दीडपट. मी दहा दिवस मागून घेतले. घरी नवरा म्हणाला, "अगं, तुला पटतंय ते कर." मग चहाचा कप विसळता विसळता, "पण ईएमआय अजून नऊ वर्षांचा आहे, तेवढं लक्षात ठेव." लेक दहावीला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. लोकांना सांगायला ही कारणं फार सोयीची होती आणि मी ती सांगितलीही. पण खरं कारण ती कारणं नव्हती. त्या खुर्चीत बसून मी दिवसभर नेमकं काय करणार याची यादी केली, तर त्यात एकही माणूस येईना. सगळे स्लाइड्समधून भेटणार होते.

मी नाही म्हणून कळवलं. वरिष्ठ म्हणाले, "तुझी भूक कमी झाली आहे का?" त्या वर्षी अप्रेझलला पाचापैकी तीन मिळाले. ती जागा मिळाली, ज्याला मी ट्रेनी असताना मस्टर तपासायला शिकवलं होतं, त्या मुलाला. हुशार आहे, गुणी आहे, अजूनही "मॅडम" म्हणतो. पण पहिल्या रिव्ह्यूला तो स्क्रीनच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला... घशात काहीतरी अडकलं होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. आपलं माप आपण ठरवलं म्हणून जुनं माप टोचायचं थांबत नाही. एखाद्या लग्नात कोणी "सध्या काय पोझिशन?" विचारलं की अजून अर्धा सेकंद जातो.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे मोठ्या पदावरचे सगळे स्लाइडवाले आणि तू तेवढी माणसातली? तसं मुळीच नाही. आमच्या बॅचची एक मैत्रीण आज अगदी वरच्या खुर्चीत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. बऱ्याच ठिकाणी ते कागदावरच राहिलं. हिने मात्र तिच्या प्रत्येक प्लांटला खरंखुरं पाळणाघर उभं केलं. दाई, दूध, पंखा, सगळं. कॉन्ट्रॅक्टवरच्या बायकांची पोरंसुद्धा त्यात. फायनान्सशी भांडून बजेट आणलंन्. माझ्या कँटीनच्या टेबलावरून हे कधी झालं नसतं, त्याला तिची खुर्चीच लागते. ती भेटली की आम्ही एकमेकींचा हेवा करतो आणि दोघी तसं बोलूनही दाखवतो. ती म्हणते, "तुला माणसांची नावं माहीत असतात." मी म्हणते, "तुला सहीचे अधिकार असतात." मग एक साबुदाणा वडा दोघींत.

परवा तिने विचारलं, तुझ्या त्या वहीचं काय चाललंय? कायम कामगारांचं जवळजवळ संपत आलंय. आता कॉन्ट्रॅक्टवरची मुलं घेतलीत. ती दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यामुळे हे काम संपणारं नाही, ठेकेदाराच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात त्या वेगळ्याच. कायममधले अकरा राहिलेत. त्यात दोन ड्रायव्हर आहेत, एक सुरक्षारक्षक आहे, आणि गेली तीन वर्षं "नेक्स्ट वीक, पक्का" म्हणणारे आमचे प्लांट हेड. बुधवारी त्यांचा चहा केबिनमध्ये पाठवू नकोस, असं कँटीनवाल्याला सांगून ठेवलंय.