धुक्यातलं बेट

श्रावणात घाटघरला पहाटे जीवधन गड दिसत नाही. नाणेघाटाच्या खिंडीतून कोकणातले ढग वर चढतात आणि भाताची खाचरं, घरं, गडाचा पायथा सगळं गिळतात. दिवस वर आला की ढग थोडे खाली बसतात आणि माथा तेवढा एकटा वर येतो. चहूबाजूंनी पांढरं पाणी. त्या घटकेला मला डेन्मार्कचं आल्स बेट आठवतं.

प्रशियाशी चाललेल्या युद्धात, १८६४ च्या एप्रिलात, ड्यूबोलची तटबंदी पडल्यावर तिथलं डॅनिश सैन्य मागे आल्सवर सरलं. मधे चिंचोळी खाडी, पाठीशी आरमार. त्यांना भरवसा होता तो पाण्याचा. २९ जूनला, उजाडायच्या आत, प्रशियाचे सैनिक होड्यांतून ती खाडी ओलांडून आले. बेट गेलं आणि त्याबरोबर डेन्मार्कची लढायची उमेदही. मला वाटतं, माणसं आणि तोफा गेल्याचं दुःख सोसता येतं. ज्याच्या जोरावर रात्री डोळा लागायचा ते पाणीच ओलांडलं गेलं, हे सोसवत नाही.

जीवधनाचं पाणी म्हणजे त्याचा कडा. मे १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिजच्या तोफांनी शेजारचा चावंड नमवला आणि पाठोपाठ जीवधनही इंग्रजांकडे गेला. पुढे त्यांनी गडाच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. गड घेतला, इथवर समजतं. पण वाट तोडायची म्हणजे गडाला गावापासून तोडायचं. आल्स १९२० च्या सार्वमतानं डेन्मार्कला परत मिळालं. इथल्या पायऱ्या परत कुणी दिल्या नाहीत.

मार्गशीर्षात गावातल्या एका मामांबरोबर वर गेलो. जुन्नर दरवाज्याखाली पायऱ्या तुटल्या आहेत तिथं ते आधी वर गेले, कातळातली खोबण दाखवून म्हणाले, "इथं बोटं रुतवा, खाली बघू नका." माथ्यावरच्या धान्यकोठाराच्या आतल्या खोलीत मिट्ट काळोख. विजेरीच्या उजेडात भुईवर राख होती, पिठासारखी मऊ. "अठराशे अठराची," मामा हलक्या आवाजात म्हणाले. त्या धामधुमीत कोठाराला आग लागली, असं गावात सांगतात. मी चिमूटभर उचलली आणि लगेच परत ठेवली.

बाहेर टाक्यावर हात धुतले. मामा खाली घाटघरकडे बघत होते. त्यांच्या खळ्यात कुणीतरी भात झोडपत होतं.