पूर येण्याआधीचा पूर

आम्ही महाडकर पुराला ओळखतो, असे आम्ही छाती ठोकून सांगतो. खरे म्हणजे आम्ही फक्त मागच्या पुराला ओळखतो. 2005 च्या जुलैमध्ये पाणी जिथवर चढले होते, त्याच्या हातभर वर फळी ठोकली की माल वाचणार, हा बाजारपेठेतला वर्षानुवर्षांचा हिशेब होता. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीने तो हिशेब अनेकांच्या डोळ्यांदेखत बुडवला. त्याच पावसात तळियेवर दरड आली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी या वाड्यांवर डोंगर उतरला. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे कागदांचे दुःख बोलू नये. पण कागदही गेले, आणि आज त्या कागदांमुळे शिकलेल्या एका गोष्टीबद्दल लिहायचे आहे. गोष्ट सॉफ्टवेअरची आहे, पण कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्यांनीही वाचावी.

आमच्या ओळखीतल्या एका जमातीच्या वह्यांचा त्या पुरात लगदा झाला. निकाहच्या नोंदी, जन्म-मृत्यू, कोणाचा आजा कोणत्या गावातून येऊन इथे राहिला, सगळे त्यात होते. सुदैवाने काही वर्षांपूर्वी कोणीतरी या वह्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. दुर्दैवाने ती हार्ड डिस्कही दोन दिवस पाण्यात होती. जाणकाराने त्यातून जमेल तेवढ्या फाइली काढून दिल्या. काही धड होत्या, काहींच्या मधोमध अर्थहीन चिन्हांची रांग होती.

त्यातही अडचण अशी की मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर 'निकाह' हा शब्द पडद्यावर चार इंग्रजी अक्षरे आणि दोन प्रश्नचिन्हे असा काहीतरी दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे. आम्ही चार-पाच जण नोकरी सांभाळून ती चालवतो. वर्तमानपत्रांची जुनी पाने, शाळांच्या स्मरणिका, कोणाच्या आजोबांच्या कविता तिने बिनतक्रार वाचल्या होत्या. पुरातल्या फाइली दिल्या आणि तिसऱ्याच फाइलीवर प्रोग्राम बंद पडला.

याचे कारण शोधताना फझ टेस्टिंगपर्यंत पोहोचलो. त्याचा जन्मही एका पावसातला आहे. 1988 च्या शरद ऋतूत अमेरिकेत मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम करत होते. बाहेर वादळी पाऊस, तारेत खरखर, आणि टाइप केलेल्या आज्ञांमध्ये भलतीच अक्षरे घुसू लागली. मिलर यांना नवल त्या खरखरीचे वाटले नाही. त्या भलत्या अक्षरांनी रोजच्या वापरातले, पक्के समजले जाणारे प्रोग्राम कोसळत होते, याचे वाटले. त्यांनी विद्यार्थ्यांना कामच दिले: मुद्दाम असा कचरा तयार करा आणि युनिक्सच्या प्रोग्रामांना खाऊ घाला. 1990 मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या प्रत्येक प्रकारच्या युनिक्सवर 25 ते 33 टक्के प्रोग्राम कोसळले किंवा अडकून पडले होते.

आपण प्रोग्राम तपासतो तेव्हा आपल्याला सुचेल तेच त्याला देतो. 'महाड' देतो, 'पोलादपूर' देतो, फार तर एखादे जोडाक्षर. फझर असे करत नाही. तो काही चांगले नमुने घेतो, त्यातले एखादे अक्षर उलटे करतो, शेपूट कापतो, दोन फाइली एकमेकींत घुसवतो, आणि हे तासाला लाखो वेळा करतो. आजचे फझर आंधळेही नाहीत. एखाद्या नमुन्याने प्रोग्रामच्या आतली न चाललेली वाट उघडली, तर ते तो नमुना जपून ठेवतात आणि पुढच्या खेपेला त्यातच बदल करतात. म्हणजे घरात शिरलेले पाणी जसे आधी उंबरा, मग खिडकी, मग माळा शोधते, तसे.

आमचे काम सी++ मध्ये आहे, म्हणून लिबफझर वापरला. लिहावे फारसे लागत नाही. एक लहानसे फंक्शन: बाहेरून आलेले बाइट्स घ्यायचे आणि आपल्या कन्व्हर्टरच्या हाती द्यायचे, बस. जोडीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावायचा. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रोग्राम मेमरीत आपल्या हद्दीबाहेर डोकावला तरी दर वेळी कोसळतोच असे नाही. चूक दाबून पुढे जातो. तरावीहमध्ये हाफिजसाहेबांच्या मागे दुसरे हाफिज उभे असतात आणि शब्द चुकला की तिथल्या तिथे लुक्मा देतात. सॅनिटायझर तो मागे उभा असलेला माणूस.

नमुने म्हणून वीस-पंचवीस छोट्या फाइली दिल्या. चहा संपायच्या आत पहिला दोष हाती आला. मोठी फाइल होती. फझरला सांगितले की हिला छाटून लहान कर, दोष मात्र राहिला पाहिजे. शेवटी उरला एकच बाइट: ऱ्हस्व वेलांटी.

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी टाइप करत, म्हणजे आधी वेलांटी आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये उलटे, आधी अक्षर आणि मग वेलांटी. म्हणून कन्व्हर्टर वेलांटी दिसली की पुढचे अक्षर उचलतो आणि जागा बदलतो. पण फाइल वेलांटीवरच संपली तर? पुढे अक्षर नाही, तरी तो हात पुढे घालतो आणि हद्दीबाहेर जातो. धडधाकट मराठीत वेलांटीवर कोणी वाक्य संपवत नाही. पाण्याने अर्ध्यात तोडलेली फाइल मात्र कुठेही संपते. दुसऱ्या दिवशी रफाराचा जुळा दोष निघाला. रफार मागे न्यायचा असतो, आणि फाइल रफारानेच सुरू झाली तर मागे काहीच नसते. ज्याने तो कोड लिहिला त्याची मराठी उत्तम होती. उत्तम मराठी येणाऱ्याला मोडकी मराठी सुचत नाही, एवढेच.

दोष दुरुस्त केले म्हणजे काम झाले नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. त्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. कोरड्या पात्रातल्या मेच्या तपासणीने ऑगस्टच्या पाण्याची हमी मिळत नाही. सॉफ्टवेअर तर पुलापेक्षा चंचल, रोज कोणीतरी एक वीट काढतो, दुसरी बसवतो. म्हणून फझरला माणसाच्या आठवणीवर सोडायचे नाही, आपोआप चालवायचे. गूगलची ओएसएस-फझ ही सेवा डिसेंबर 2016 पासून मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी हे फुकट करते. 2023 पर्यंत तिने हजार प्रकल्पांत दहा हजारांहून जास्त सुरक्षेच्या त्रुटी पकडल्या होत्या. आमच्यासारख्या लहानांसाठी तिचीच धाकटी बहीण आहे, क्लस्टरफझलाइट. ती गिटहबवरच चालते. कोणी बदल पाठवला की दहा मिनिटे फझर त्याला झोडपतो, मगच तो बदल आत येतो. रात्री एक लांबलचक फेरी होते. सापडलेला प्रत्येक दोषी नमुना कायमचा जपला जातो आणि पुढे प्रत्येक वेळी पुन्हा दिला जातो. भिंतीवर पुराची खूण करून ठेवतो ना, तसेच. फरक इतकाच की ही खूण दर रात्री स्वतः पाणी आणून बघते.

हे उद्योग रिकामटेकड्यांचे वाटत असतील तर 2015 चा मे आठवा. एका मेसेजने आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होत होता. त्या मेसेजमध्ये अरबी लिपीतली अक्षरे होती आणि देवनागरीतले एक क्वचित वापरले जाणारे स्वरचिन्हही. नोटिफिकेशनमध्ये मजकूर छाटताना फोनचा गोंधळ होई. ज्या दोन लिप्या आपल्या घरात एकाच कपाटात सुखाने राहतात, त्यांना जगातला महागडा फोन एका ओळीत सांभाळू शकला नाही. उलट अँड्रॉइडवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आपला रफार जागेवर चढवणारे आणि उर्दूचे हर्फ एकमेकांना जोडणारे हार्फबझ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर ओएसएस-फझवर सतत कचरा खात असते. त्याचे नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे.

फझर सगळे करतो का? नाही. प्रोग्राम पडला नाही, एवढेच तो सांगतो. 'खान'चे 'रवान' झाले, 'दाऊद'चा 'दाउद' झाला, तर त्याची तक्रार नसते. आणि आपल्याकडे नावातली एक वेलांटी इकडची तिकडे झाली की रेशन कार्डापासून वारस नोंदीपर्यंत माणसाच्या चपला झिजतात. म्हणून आम्ही फझरला एक-दोन नियम शिकवले. बाहेर पडणारा मजकूर वैध युनिकोड असलाच पाहिजे, आणि जिथे खात्री नाही तिथे अंदाजाने अक्षर न घालता ठळक चौकोन सोडायचा. प्रोग्रामने माणसाचे नाव मनाने पुरे करू नये, हा नियम लिहायला सर्वात सोपा आणि मला सर्वात मोलाचा वाटतो.

पुरातल्या फाइली आता शेवटपर्यंत वाचल्या जातात. छापून काढलेल्या पानांवर जागोजाग चौकोन आहेत. जमातीतले एक वयस्कर चाचा जुम्म्यानंतर चष्मा पुसून ती पाने पुढ्यात घेतात, ही अमक्याची आत्या, हिचे माहेर पोलादपूरचे, असे पुटपुटत एकेक चौकोन पेन्सिलने भरतात. जे आठवत नाही, ते रिकामे सोडतात.