बॉस, सिलॅबसबाहेरचं नको!

गेममधला 'बॉस' आणि व्हायवाचा एक्स्टर्नल, दोघांचं काम सारखंच. शेवटच्या दारात आडवे बसतात, यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण बॉस चांगला की वाईट, हे आमच्या विंगमध्ये फार सोप्या पद्धतीने ठरतं. एक जण खेळते, बाकीच्या मागे कॉटवर बसून बघतात. मागच्यांना वार पडायच्या आधी "अगं, आता मारणार!" असं ओरडता आलं, तर बॉस पास.

निन्टेन्डोचा १९८७ चा 'पंच-आउट' घ्या. त्यातला पिस्टन होंडा ठोसा मारण्याआधी भुवया उडवतो. बस्स, एवढीच खूण! बाल्ड बुल तर उड्या मारत अंगावर येतो. त्याचा ठोसा लागला की आपण आडवे. पण नेमक्या क्षणी त्याच्या पोटात मारलं तर तोच आडवा. सगळ्यात भयंकर हल्ला आणि सगळ्यात कच्ची जागा एकाच हालचालीत! याला मी खरं डिझाईन म्हणते.

पण नुसत्या खुणा असल्या की चार वेळा खेळून सगळं पाठ होतं आणि जांभया सुरू होतात. म्हणून धक्का हवाच. 'एल्डन रिंग' (२०२२) मधला मार्गिट काठी उगारतो आणि... थांबतो! आपण सवयीने आधीच लोळण घेतो, उठतो, आणि मग काठी डोक्यात. पहिल्यांदा वाटतं, ही तर चीटिंग! पण नीट बघा, काठी खाली यायला लागते ते दिसतं. घाबरून बटण दाबू नका, बघून दाबा, एवढंच त्याचं म्हणणं.

'मेटल गिअर सॉलिड' (१९९८) मधला सायको मँटिस तर तुमचं मनच वाचतो आणि वार चुकवतो. उपाय? कंट्रोलर काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावायचा! हे कोणाला सुचणार? म्हणून अडलेल्याला कर्नल रेडिओवरून सांगतो. धक्का दिला, पण वाटही ठेवली.

मला पुढे गेम्सच बनवायच्या आहेत. (घरी अजून सांगितलेलं नाही!) तेव्हा एक नियम आत्ताच लिहून ठेवते: हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळलंच पाहिजे. कळलं, तर ती रात्री दोन वाजताही म्हणते, "थांब गं, अजून एकदाच." नाही कळलं, तर पीसी बंद करून झोपते, आणि आपली सगळी मेहनत वाया.

एक्स्टर्नल सर, हे तुम्हीही वाचलंत तर बरं होईल!