शेवटची सोळा पानं

महाराष्ट्रात सर्वांत जास्त हाताळली जाणारी सूची कोणती, असं कुणी विचारलं तर मी तुकोबांच्या गाथेतल्या अभंगसूचीचं नाव घेईन. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. कीर्तनाला उभं राहणाऱ्याला पहिला चरण पाठ असतो, अभंग गाथेत नेमका कुठे आहे ते ध्यानात नसतं. मग अकारविल्हे लावलेल्या चरणांवरून बोट फिरतं, क्रमांक सापडतो, पान उघडतं. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली आणि पाठोपाठ प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली तिची प्रतीकसूची काढली. श्लोकाचा एकेक पाद घेऊन लावलेली ही सूची सहा खंडांची आहे. त्याही मागे जायचं तर कात्यायनाची सर्वानुक्रमणी आहे. ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचा आरंभ, ऋषी, देवता आणि छंद तिनं नोंदवून ठेवले. सूची करणं हे आपल्याकडचं जुनं विद्याकर्म आहे, हे मी नव्या प्रकाशकाला आधी सांगते.

या सूच्या मात्र ज्याला शब्द आठवतो त्याच्यासाठी आहेत. मी ज्या पुस्तकांच्या सूच्या करते, त्यांच्या वाचकाकडे शब्द नसतो, प्रश्न असतो. लेखकानं ती गोष्ट कोणत्या शब्दांत सांगितली आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि अख्खं पुस्तक वाचायला सवड नसते. कुणी संशोधक असेल, कुणी वार्ताहर, कुणी आपल्या आजोबांचं नाव शोधणारी नात. अशा अनोळखी माणसाला नेमक्या पानापर्यंत नेऊन पोचवायचं, हे माझं काम.

मराठवाड्यातल्या एका शिक्षकाच्या आठवणींचं पुस्तक माझ्याकडे आलं होतं. त्यात एक सबंध प्रकरण बहात्तरच्या दुष्काळावर आहे, आणि त्या प्रकरणात ‘दुष्काळ’ हा शब्दच नाही. आहे ती मिलोची लालसर भाकरी, खडी फोडायचं काम, मुकादमाचं मस्टर, पोरांना मिळणारी सुकडी, तळ गाठलेल्या विहिरी. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना वेगळं नाव द्यायची गरजच वाटली नाही. ‘दुष्काळ’ हा शब्द येतो तो पुढे कधीतरी, एका भाषणात, चांगल्या वाचकांच्या दुष्काळाबद्दल. संगणकाला शोधायला सांगितलं तर तो हे भाषण हजर करील आणि खडी फोडणारी माणसं मागेच राहतील. मी ‘दुष्काळ (१९७२)’ अशी मुख्य नोंद केली. तिच्याखाली खडीची कामं, विहिरी, मिलो, सुकडी अशा पोटनोंदी लावल्या आणि ‘रोजगार हमी योजना’ इथून तिच्याकडे ‘हेही पहा’ असा निर्देश दिला. ‘मिलो’ची स्वतंत्र नोंदही ठेवली, त्या पिढीतला माणूस त्याच शब्दानं शोधायला येईल. भाषणातलं ते वाक्य सूचीत घेतलं नाही.

पीडीएफमध्ये शोध घेता येतो, मग सूची कशाला, हा प्रश्न आता प्रत्येक बैठकीत निघतो. मराठीपुरतं त्याचं पहिलं उत्तर व्याकरणातच आहे. ‘कोल्हापूर’ टाकलं तर ‘कोल्हापुरात’ आणि ‘कोल्हापुरी’ सापडत नाही, कारण शब्दाला काही जोडलं की दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. ‘पुणे’ टाकलं तर ‘पुण्यात’ निसटतं, ‘पाणी’ टाकलं तर ‘पाण्यासाठी’. विभक्ती ओळखणाऱ्या चांगल्या प्रणाली येत आहेत, त्या याव्यात. पण त्या आल्या तरी शिक्षकांच्या त्या प्रकरणाला दुष्काळाचं प्रकरण म्हणून ओळखायला ते वाचावंच लागतं.

माणसांची नावं हा या कामातला सर्वांत अवघड भाग, आणि मला सर्वांत प्रिय. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातल्या स्त्रीशिक्षणावरचं एक पुस्तक करत होते. लेखिका त्या काळात इतकी रमलेली, की नुसतं ‘रमाबाई’ लिहून पुढे जाते. तिच्या मनात कोण आहे ते तिला पक्कं माहीत. सूचीत मात्र पंडिता रमाबाई वेगळ्या आणि रमाबाई रानडे वेगळ्या दिसायला हव्यात. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला, आणि त्या समाजात रमाबाई रानडेही होत्या. तेव्हा समाजाच्या बैठकीत रमाबाई बोलल्या, एवढ्यावरून निवाडा होत नाही. पान मागेपुढे वाचावं लागतं, आणि तारखा हाती लागल्या की गुंता सुटू लागतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला, आणि परतल्या १८८९ मध्ये. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ ची. म्हणजे त्या शाळेच्या आरंभाच्या दिवसांत पुण्यात वावरणाऱ्या रमाबाई रानड्यांच्याच असणार. शारदा सदनातल्या रमाबाई पंडिता, सेवासदनातल्या रानडे, हे तर उघडच. एका परिच्छेदात मात्र ना साल होतं, ना संस्थेचं नाव. मी लेखिकेला फोन केला. तिनं परिच्छेद वाचला, आपल्या टिपणवह्या काढल्या आणि पुस्तकातच आडनाव घातलं. सूचीसाठी विचारलेल्या प्रश्नानं मूळ मजकूर नितळ होतो, तेव्हा मला फार समाधान वाटतं.

त्याच पुस्तकात काही ठिकाणी ‘कर्व्यांच्या पत्नी’ असा उल्लेख आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. एकाच बाईची इतकी नावं, आणि काही पानांवर त्यांतलं एकही नाही. मी ‘कर्वे, आनंदीबाई (बाया)’ अशी नोंद केली, ‘गोदूबाई’पुढे ‘पहा’ लिहिलं, आणि १८९३ नंतरचा ‘पत्नी’ हा उल्लेख जिथे जिथे होता ती पानंही त्या नोंदीत घेतली. राधाबाईंची नोंद वेगळी केली. यावर आमच्यात दुमत आहे. लेखकानं नाव घेतलेलं नाही, तर सूची करणाऱ्यानं ते का घ्यावं, असं म्हणणारे जाणते लोक आहेत. माझं मत पक्कं आहे: वाक्य त्या बाईविषयी असेल, तर पान तिच्या नावावर लागलं पाहिजे.

मोठ्या माणसांचा प्रश्न उलटा. ‘टिळक, बाळ गंगाधर’ या नोंदीपुढे तीस-चाळीस पृष्ठांक ओळीनं दिले तर त्यांचा वाचकाला काडीचा उपयोग नाही. चार पानं उलटून तो सूची मिटून टाकतो. आकडे सहासातांच्या वर गेले की मी पोटनोंदी करते: संमतिवयाचा कायदा, प्लेग, सुरत काँग्रेस, मंडाले. त्यांचे शब्द निवडताना माझं मत त्यांत उतरता कामा नये. ‘संमतिवयाचा कायदा’ एवढं पुरे. टिळकांची भूमिका योग्य होती की नव्हती, ते पानावर लेखक सांगेल.

पूर्वी हे सगळं कार्डांवर चालायचं. एका कार्डावर एक नोंद, कार्डं खोक्यात उभी, नवी नोंद आली की दोन कार्डांच्या मध्ये सरकवायची. इंग्रजीसाठी आता सिंडेक्स, मॅक्रेक्स, स्काय इंडेक्स अशी खास सॉफ्टवेअरं आहेत. काय नोंदवायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. पण नोंद टाकल्याबरोबर ती क्रमात बसते, सारख्या नोंदी एकत्र येतात, आणि ‘पहा’ म्हणून वाचकाला जिथे पाठवलं तिथे काहीच नसेल तर इशारा मिळतो. मराठीसाठी मी स्प्रेडशीट वापरते आणि नोंदीच्या शेजारी एक जादा रकाना ठेवते, फक्त क्रमासाठी. युनिकोडमध्ये ‘ॲ’ या अक्षराचा संकेतांक ‘ह’च्याही पुढचा आहे. जे साधन नुसत्या संकेतांकांवर क्रम लावतं, त्यात शाळिग्रामांबरोबर पोवाडे गोळा करणारे ॲक्वर्थसाहेब सूचीच्या पार तळाला जाऊन बसतात. ‘ळ’ तिथे ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात शिरतात. ज्ञानेश्वरांना ‘ज’खाली शोधायचं की शेवटी? मी शेवटी ठेवते. शाळेत घोकलेली वर्णमाला वाचकाच्या हाडीमाशी असते.

आणि ‘कऱ्हाड’. यातला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावं. सूचीच्या पहिल्या मसुद्यात ‘कऱ्हाड’ लागोपाठ दोनदा आलं आणि दोहोंपुढे वेगवेगळी पानं असली, की मजकूर दोन टंकलेखकांच्या हातून गेला आहे हे कळतं. थोडं वर पाहिलं तर ‘कराड’ बसलेलं असतं. तिन्ही एका नोंदीत आणून, राहिलेल्या रूपापुढे ‘पहा’ लिहायचं. प्रत्येक सूचीत ही झाडाझडती होते, आणि ती डोळ्यांनीच करावी लागते.

इंग्लंडात नॉर्मन नाइट यांनी १९५७ साली सूचिकारांची सोसायटी स्थापली आणि पुढच्या वर्षी ‘द इंडेक्सर’ हे नियतकालिक सुरू झालं. अमेरिकेतली संघटना १९६८ ची. तळटीपांतला मजकूर सूचीत घ्यायचा का, ओझरत्या उल्लेखाचं काय करायचं, एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी दाखवायची, यावर ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आली आहेत. त्यांच्या लिखाणातून मी हा व्यवसाय शिकले. पण नाना फडणवीस ‘न’खाली की ‘फ’खाली, की त्यांच्या मूळ आडनावाप्रमाणे ‘भानू, बाळाजी जनार्दन’, हे तिथलं कुणी आपल्याला सांगणार नाही. ते आम्हालाच ठरवावं लागतं. आम्ही म्हणजे काही मुद्रितशोधक, काही निवृत्त ग्रंथपाल, इतिहास शिकवणाऱ्या एक बाई. सगळ्यांची मिळून एक नावयादी आहे. बालकवी आणि ठोमरे, गोविंदाग्रज आणि गडकरी, कोणतं नाव मुख्य आणि कोणत्यापुढे ‘पहा’, ते त्यात लिहिलेलं असतं. नियम एकच एक नाही. कवितेवरच्या पुस्तकात ‘कुसुमाग्रज’ मुख्य ठेवतो, नाटकांवरच्या पुस्तकात ‘शिरवाडकर’, कारण त्या त्या पुस्तकाचा वाचक त्या त्या नावानं येतो. जुन्या लेखकाचं पूर्ण नाव अडलं की शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडतो. १८०० ते १९३७ पर्यंतचे मराठी ग्रंथ त्यांनी नोंदवले, आणि आज एवढ्या साधनांनिशी काम करतानाही मला त्या श्रमांपुढे वाकावंसं वाटतं. नानांवर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी ‘नाना फडणवीस’ असंच ठेवते.

आता प्रकाशकांशी थोडं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मांत छापलं जातं. मजकूर संपून शेवटच्या फॉर्मात चार पानं उरली, की सूची चार पानांत बसवा असा निरोप येतो. आणखी एक फॉर्म घ्यायचा म्हणजे कागद आला, छपाई आली, किंमत वाढली; ही अडचण खरी आहे. पण चारशे पानांच्या संशोधनग्रंथाला चार पानांची सूची देणं म्हणजे वाड्याला खिडकीएवढं दार ठेवणं. बसवायच्या नादात आधी पोटनोंदी जातात, मग ‘पहा’ जातात, आणि उरते ती नावांपुढच्या आकड्यांची रांग. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी वर्गणीदार मिळवत मिळवत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ चालवला, आणि तरीही त्याच्या २३ खंडांपैकी एक अख्खा खंड सूचीला दिला. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आम्ही मागतो ती सोळा पानं.

ही पानं पुस्तकाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेली असावीत. मजकुराची पानं कायम झाल्यावरच ती सूचीला यावीत; सूची झाल्यानंतर एखादं छायाचित्र मध्ये घातलं की पुढची सगळी पानं हलतात आणि प्रत्येक पृष्ठांक पुन्हा तपासावा लागतो. लेखकाशी थेट बोलायची मुभा असावी. एवढं मिळालं तर मराठीत उत्तम सूच्या होतील. त्या करू शकणारी माणसं आहेत.

वाचकांनाही एक करता येईल. दुकानात एखादं चरित्र किंवा इतिहासाचं पुस्तक हातात घेतलंत, तर मधलं कुठलंही पान उघडा, त्यातली एक गोष्ट मनात धरा आणि तुमच्या शब्दांत ती सूचीत शोधा. सापडली नाही, किंवा सूचीच नसली, तर प्रकाशकाला तसं पत्र लिहा. एका चरित्राच्या पहिल्या आवृत्तीला सूची नव्हती. वाचकांनी पत्रं पाठवली, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी स्वतःहून मला फोन करून विचारलं, एक फॉर्म पुरेल ना?